चेकपॉइंटवर पहाटे वही घेऊन उभ्या राहणाऱ्या महिला: ‘मखसोम वॉच’ नेमकं काय करते?

ऑक्टोबर २०२३ पर्यंतचं हे पहाटे चारचं दृश्य. वेस्ट बँकेतल्या कलंदिया किंवा बेथलेहेमच्या चेकपॉइंटवर शेकडो पॅलेस्टिनी कामगार रांगेत उभे असायचे. कुणाला जेरुसलेमच्या बांधकामावर पोचायचं असायचं, कुणाला हॉटेलच्या किचनमध्ये, तर कुणाला हॉस्पिटलमध्ये. लोखंडी जाळीच्या बोळातून रांग पुढे सरकायची, थांबायची, परत सरकायची.

याच रांगेच्या कडेला दोन-तीन महिला उभ्या असायच्या. बहुतेक जणी पन्नाशी-साठी ओलांडलेल्या. त्या सैनिक नाहीत, पत्रकार नाहीत आणि सरकारी अधिकारीही नाहीत. हातात वही, छातीवर ओळखपत्र. किती खिडक्या उघड्या आहेत, रांग किती लांब आहे, शेवटच्या माणसाला पलीकडे जायला किती वेळ लागला, हे त्या लिहून घेतात. विशेष म्हणजे या महिला इस्रायली आहेत.

त्यांच्या संघटनेचं नाव ‘मखसोम वॉच’. हिब्रू भाषेत ‘मखसोम’ म्हणजे अडथळा किंवा नाका. २००१ पासून या महिला स्वतःच्याच देशाच्या सैन्याच्या नाक्यांवर जाऊन उभ्या राहतायत. त्या तिथे काय करतात? त्यांना उभं राहू का दिलं जातं? आणि नुसतं लिहून काय फरक पडतो? समजून घेऊया.

चेकपॉइंट म्हणजे काय?

चेकपॉइंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन देशांच्या सीमेवरचा नाका येतो. वेस्ट बँकेतलं चित्र वेगळं आहे. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम ताब्यात घेतलं. आज तिथले बरेच नाके इस्रायल आणि वेस्ट बँक यांच्या मध्ये नसून वेस्ट बँकेच्या पोटात आहेत. म्हणजे एका पॅलेस्टिनी शहरातून दुसऱ्या पॅलेस्टिनी शहरात, गावातून शेतात किंवा घरातून शाळेत जातानाही नाका लागू शकतो.

या अडथळ्यांचे प्रकारही बरेच आहेत. काही ठिकाणी सैनिक चोवीस तास असतात, काही ठिकाणी अधूनमधून. कुठे गावाच्या तोंडाशी लोखंडी फाटक असतं, कुठे रस्त्यावर मातीचा ढिगारा किंवा काँक्रीटचे ठोकळे टाकलेले असतात. संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी समन्वय कार्यालय म्हणजे ‘ओचा’ या सगळ्यांची मोजणी करतं. २०२३ च्या सुरुवातीला ओचाने असे ६४५ अडथळे मोजले होते. २०२५ च्या सुरुवातीला हा आकडा ८४९ वर गेला. त्यातल्या ९४ चेकपॉइंटवर चोवीस तास पहारा होता.

नाका ओलांडता येईल की नाही, हे तुमच्या खिशातल्या कार्डावर ठरतं. वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी माणसाकडे हिरव्या कव्हरचं ओळखपत्र असतं, तर जेरुसलेममध्ये राहणाऱ्या पॅलेस्टिनीकडे निळं. हिरव्या कार्डवाल्याला जेरुसलेम किंवा इस्रायलमध्ये जायचं असेल तर साधारणपणे परवाना लागतो. कामाचा वेगळा, उपचाराचा वेगळा, प्रार्थनेसाठी जायचा वेगळा. गाड्यांच्या नंबरप्लेटही वेगळ्या असतात. इस्रायली गाड्यांची पिवळी, पॅलेस्टिनी गाड्यांची पांढरी-हिरवी.

हे नाके आले कुठून?

१९६७ नंतर बरीच वर्षं पॅलेस्टिनी लोक तुलनेने मोकळेपणाने इस्रायलमध्ये कामाला जात होते. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी ही मोकळीक संपली आणि प्रत्येकाला वेगळा परवाना घेणं आलं. मार्च १९९३ मध्ये इस्रायलने प्रवेशावर सरसकट निर्बंध लावले आणि कायमस्वरूपी नाके दिसायला लागले.

त्यानंतर ओस्लो करार झाले. १९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकेचे ए, बी आणि सी असे तीन भाग पाडण्यात आले. मोठी पॅलेस्टिनी शहरं ‘ए’ भागात आली. सुमारे ६० टक्के जमीन ‘सी’ भागात गेली आणि तिथे पूर्ण नियंत्रण इस्रायलकडे राहिलं. ‘ए’ आणि ‘बी’ची बेटं आणि भोवती ‘सी’चा समुद्र, असा हा नकाशा आहे. त्यामुळे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना इस्रायली नियंत्रणाखालचा रस्ता लागतोच.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा म्हणजे पॅलेस्टिनी उठाव सुरू झाला. इस्रायली शहरांत बस, कॅफे आणि बाजारांमध्ये आत्मघाती स्फोट होऊ लागले. वेस्ट बँक आणि गाझामध्ये सैन्याच्या मोठ्या कारवाया झाल्या. पुढच्या साडेचार वर्षांत सुमारे १,००० इस्रायली आणि ३,००० हून जास्त पॅलेस्टिनी मारले गेले. याच काळात वेस्ट बँकेतल्या नाक्यांचं जाळं घट्ट झालं. २००२ पासून काटेरी कुंपण आणि भिंत उभारायला सुरुवात झाली. तिचा आखलेला मार्ग ७०० किलोमीटरहून लांब आहे आणि त्यातला सुमारे ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या हद्दीत येतो.

‘मखसोम वॉच’ कशी सुरू झाली?

२००१ च्या सुरुवातीला रॉनी येगर, यहुदित केशेत आणि आदी कुंट्समन या तीन इस्रायली महिलांनी ही संघटना सुरू केली. नाक्यांवर लोकांना कसं वागवलं जातं याच्या बातम्या त्यांच्या कानावर येत होत्या. आपण प्रत्यक्ष जाऊन पाहायचं, असं त्यांनी ठरवलं. सुरुवात जेरुसलेमच्या आसपासच्या नाक्यांपासून झाली. काही वर्षांतच चारशेहून जास्त महिला यात आल्या आणि सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या लागल्या.

त्यांना तिथे उभं राहता येतं याचं कारण कायद्यात आहे. इस्रायली नागरिकांना ‘ए’ भागात जायला मनाई आहे. तशा इशाऱ्याचे लाल फलक रस्त्यांवर दिसतात. पण बहुतेक नाके इस्रायलच्या नियंत्रणाखालच्या भागात येतात. नागरिक म्हणून तिथे जायला त्यांना सहसा आडकाठी नसते. सैनिक त्यांना ‘लांब उभ्या राहा’ म्हणू शकतात आणि म्हणतातही. कुठे उभं राहायचं यावरून रोजची वादावादी ठरलेली असते.

फक्त महिलाच का?

हा निर्णय विचार करून घेतलेला होता. इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची आहे आणि नाक्यावर उभा असलेला सैनिक बहुतेकदा १८ ते २१ वर्षांचा असतो. तिथे पुरुष जाऊन उभे राहिले तर बाचाबाची लवकर हातघाईवर येईल, असं संस्थापकांना वाटलं. आजीच्या वयाची बाई समोर असली तर सैनिकाचा हात आणि तोंड दोन्ही थोडं आवरतं, हा त्यामागचा हिशोब.

यात एक अवघड गोष्टही आहे. यातल्या अनेकींची मुलं किंवा नातवंडं स्वतः सैन्यात असतात किंवा होती. समोरचा पोरगा परका नाही, तो आपल्याच घरातला असू शकतो, हे त्यांना माहीत असतं. संघटनेत यावरून बराच खल झाला. सैनिकांशी बोलायचं का? एखाद्याला सोडवण्यासाठी अधिकाऱ्याला फोन करायचा का? की फक्त पाहायचं आणि लिहायचं? केशेत यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या प्रश्नांबद्दल लिहिलं आहे.

वहीत काय लिहिलं जातं?

नोंदी साध्या असतात. तारीख, वेळ, नाक्याचं नाव आणि मग:

- किती खिडक्या किंवा मार्गिका उघड्या आहेत
- रांगेत अंदाजे किती लोक आहेत
- एका माणसाला पलीकडे जायला किती मिनिटं लागली
- किती जणांना परत पाठवलं आणि काय कारण सांगितलं
- कुणाला बाजूला बसवून ठेवलंय का आणि किती वेळ
- वृद्ध, रुग्ण, महिला आणि मुलांसाठीचं वेगळं फाटक वेळेवर उघडलं का
- अँब्युलन्स थांबली का आणि किती वेळ थांबली

पाळी संपली की याचा अहवाल तयार होतो आणि हिब्रू व इंग्रजीत संघटनेच्या वेबसाइटवर जातो. असे हजारो अहवाल आज तिथे वाचायला मिळतात. एकेक अहवाल पाहिला तर त्यात फारसं काही ‘घडत’ नाही. पण महिनोन् महिने वाचत गेलं की चित्र उमटतं. गेल्या रविवारी पावणेसहाला उघडलेलं फाटक या रविवारी सव्वासहाला उघडलं. बाहेरच्याला अर्धा तास किरकोळ वाटेल. पण कंत्राटदाराची गाडी सहाला निघून जात असेल, तर कामगाराचा त्या दिवसाचा रोज बुडाला.

नाक्याची रचना हाही नोंदीचा विषय असतो. मोठ्या नाक्यांवर मेट्रो स्टेशनसारखी गोल फिरणारी लोखंडी फाटकं असतात. इस्रायली वास्तुरचनाकार एयाल वाइझमन यांनी २००७ मधल्या पुस्तकात दाखवून दिलं की इस्रायलमध्ये इतरत्र अशा फाटकांच्या दांड्या ७५ ते ९० सेंटिमीटरच्या असतात, पण चेकपॉइंटसाठी त्या ५५ सेंटिमीटरच्या मागवल्या गेल्या. हातात पिशवी, कडेवर मूल किंवा पोटुशी बाई असेल तर या २०-३५ सेंटिमीटरचा अर्थ लगेच कळतो.

रुग्णांची गोष्ट अजून वेगळी. कॅन्सरवरच्या रेडिएशनसारख्या उपचारांसाठी वेस्ट बँकेतल्या रुग्णांना पूर्व जेरुसलेमच्या हॉस्पिटलमध्ये जावं लागतं. पण पॅलेस्टिनी अँब्युलन्सना सहसा पलीकडे सोडत नाहीत. मग नाक्यावरच स्ट्रेचर एका अँब्युलन्समधून काढून पलीकडून आलेल्या दुसऱ्या अँब्युलन्समध्ये चढवावं लागतं. दुसऱ्या इंतिफादाच्या वर्षांत साठहून जास्त पॅलेस्टिनी महिलांची प्रसूती नाक्यावर झाली आणि त्यात अनेक अर्भकं दगावली, असं पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीच्या आधारे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नोंदवलं आहे.

मखसोम वॉचच्या महिला नाक्यापुरत्याच थांबल्या नाहीत. ‘सुरक्षेच्या कारणास्तव प्रवेश बंद’ असा शेरा पडलेल्या पॅलेस्टिनी लोकांसाठी त्या अर्ज भरतात आणि पाठपुरावा करतात. आपल्या नावावर असा शेरा आहे, हे अनेकांना नाक्यावर कार्ड टेकवल्यावरच कळतं. काही सदस्या ओफेर आणि सालेमच्या लष्करी न्यायालयांत बसून खटल्यांच्या नोंदी घेत आल्या आहेत.

बाहेरच्या देशांतूनही स्वयंसेवक येतात

नाक्यांवर पाहणी करणारी ही एकटीच संघटना नाही. जेरुसलेममधल्या चर्चच्या विनंतीवरून ‘वर्ल्ड काउन्सिल ऑफ चर्चेस’ने २००२ मध्ये ‘ईएपीपीआय’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक साधारण तीन महिने येऊन राहतात. पहाटे नाक्यावर उभं राहून किती लोक पलीकडे गेले हे मोजणं आणि मुलांसोबत शाळेपर्यंत चालत जाणं, ही त्यांची कामं. हेब्रॉन शहरात १९९५ पासून ‘ख्रिश्चन पीसमेकर टीम्स’चे लोकही असंच काम करत आले.

व्हायोलिनचा व्हिडिओ

नोव्हेंबर २००४ मध्ये नाब्लुसजवळच्या बैत इबा नाक्यावर मखसोम वॉचच्या एका सदस्येने एक दृश्य टिपलं. सैनिकांसमोर एक पॅलेस्टिनी तरुण व्हायोलिन वाजवतोय आणि मागे लोक रांगेत उभे आहेत. हा व्हिडिओ बाहेर आला आणि इस्रायलमध्ये खळबळ उडाली. नाझी छळछावण्यांमध्ये ज्यू वादकांना जबरदस्तीने वाजवायला लावलं जायचं, ती आठवण अनेकांना झाली.

आपल्याला वाजवायला सांगितलं गेलं, असं त्या तरुणाचं म्हणणं होतं. सैन्याने मात्र चौकशीनंतर तो स्वतःहून वाजवत होता असं सांगितलं. खरं काय यावर वाद राहिला. पण या प्रकरणातून एक गोष्ट दिसली. त्याच नाक्यावर रोज शेकडो लोक तासन् तास ताटकळत होते आणि त्याचे अहवाल नियमित प्रसिद्ध होत होते. त्यावर देशभर चर्चा झाली नव्हती. चर्चा झाली ती एका व्हायोलिनवर. रोजच्या त्रासाची बातमी होत नाही, आणि नेमकी म्हणूनच रोजची नोंद ठेवावी लागते.

इस्रायलची बाजू काय?

इस्रायली सरकार आणि सैन्याचं म्हणणं स्पष्ट आहे: नाक्यांमुळे हल्ले रोखले जातात. याची उदाहरणंही आहेत. मार्च २००४ मध्ये नाब्लुसजवळच्या हुवारा नाक्यावर १६ वर्षांचा एक पॅलेस्टिनी मुलगा अंगावर स्फोटकांचं जाकीट घातलेला सापडला. नाक्यांवरच्या सैनिकांवर चाकूहल्ले आणि गोळीबारही झाले आहेत. त्यामुळे ‘या बायका सैनिकांचं लक्ष विचलित करतात, आपल्याच पोरांच्या विरोधात उभ्या राहतात’ असा राग अनेक इस्रायली लोकांच्या मनात आहे. परदेशी स्वयंसेवक एकाच बाजूचं पाहतात, असाही आरोप होतो.

याला पाहणी करणाऱ्यांचं उत्तर असं की, इस्रायलच्या हद्दीवर तपासणी करणं वेगळं आणि एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावात जाणारा रस्ता अडवणं वेगळं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २००४ मध्ये व्याप्त प्रदेशातून जाणारी भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरोधात असल्याचं सल्लागार मत दिलं. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातलं इस्रायलचं अस्तित्वच बेकायदेशीर असल्याचं मत दिलं. इस्रायलने दोन्ही मतं फेटाळली.

मग याचा उपयोग काय?

हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारला तसा या महिलांनी स्वतःलाही विचारला. काही फायदे लगेच दिसतात. कुणी पाहतंय म्हटल्यावर वागणूक थोडी सुधारते. एखाद्या फोनमुळे बंद खिडकी उघडते किंवा ताटकळत बसलेल्या माणसाची सुटका होते.

पण टीका डाव्या बाजूनेही झाली. रांग थोडी लवकर सरकवून, पिण्याच्या पाण्याची सोय मागून आपण नाकाच जास्त ‘सुसह्य’ करतोय का? नाका नसावा असं म्हणायचं आणि तो नीट चालावा म्हणून धडपडायचं, हे कसं? कलंदियाचं उदाहरण बोलकं आहे. २०१९ मध्ये तिथे नवी इमारत आणि चेहरा ओळखणारी इलेक्ट्रॉनिक फाटकं आली. रांगा खरंच कमी झाल्या. पण परवाना कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे ठरवणारी व्यवस्था तशीच राहिली.

यंत्र आल्यावर आणखी एक अडचण झाली. सैनिकाला निदान ‘याला का अडवलं?’ असं विचारता यायचं. स्क्रीनवर लाल खूण आली तर विचारणार कुणाला? हेब्रॉनच्या नाक्यांवर पॅलेस्टिनी लोकांचे चेहरे नकळत साठवणाऱ्या ‘रेड वुल्फ’ नावाच्या प्रणालीबद्दल ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने मे २०२३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला होता.

७ ऑक्टोबरनंतर काय बदललं?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला. त्यात सुमारे १,२०० लोक मारले गेले आणि त्यानंतर गाझामध्ये युद्ध सुरू झालं. त्याच वेळी इस्रायलने वेस्ट बँकेतल्या बहुतेक कामगारांचे परवाने स्थगित केले. लाखाहून जास्त लोकांचा रोजगार एका फटक्यात थांबला. जिथे पहाटे चारला पाय ठेवायला जागा नसायची, तिथे शुकशुकाट झाला. भिंतीपलीकडे शेत असलेल्या शेतकऱ्यांसाठीची फाटकं त्या वर्षीच्या ऑलिव्हच्या हंगामात बहुतांशी बंद राहिली.

या घडामोडीचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. पॅलेस्टिनी कामगारांची जागा भरण्यासाठी इस्रायलने भारतातून बांधकाम मजूर घ्यायला सुरुवात केली. आधी हरियाणा आणि उत्तर प्रदेशात भरती झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये भरती मोहीम झाली. तिथे सेंट्रिंग, लोखंड बांधणी, फरशी आणि प्लास्टरच्या कामाची चाचणी देणाऱ्यांपैकी किती जणांना ही जागा रिकामी कशी झाली हे माहीत होतं, हा वेगळा प्रश्न.

अडथळे मात्र कमी झाले नाहीत, त्यांची जागा बदलली. गावांच्या तोंडाशी नवी फाटकं आली. जानेवारी २०२५ मध्ये गाझात युद्धविराम लागू झाल्यावर वेस्ट बँकेतल्या नाक्यांवर तपासणी आणखी कडक झाली आणि लोक गाड्यांमध्ये तासन् तास अडकल्याच्या बातम्या आल्या. मोठ्या नाक्यावर उभं राहून रांग मोजता येते. पण एखाद्या गावाचं पिवळं फाटक आज बंद असेल आणि त्यामुळे कुणी घराबाहेरच पडलं नसेल, तर मोजायला रांगच नसते. म्हणून पाहणी करणाऱ्या महिला आता गावांच्या फाटकांपाशी आणि जॉर्डन खोऱ्यातल्या मेंढपाळांच्या वस्त्यांवरही जातात.

२००१ मध्ये वही घेऊन निघालेल्या महिलांपैकी अनेक जणी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नोंदींमुळे चेकपॉइंटची व्यवस्था हटली नाही. उलट अडथळ्यांचा आकडा वाढला. पण अमुक नाक्यावर अमुक दिवशी काय झालं, या प्रश्नाला ‘असं काही झालंच नाही’ हे एकच उत्तर आता चालत नाही. त्या दिवशी फाटक किती वाजता उघडलं, हे कुणीतरी तिथे उभं राहून लिहून ठेवलेलं असतं.